इतवारीचा ५४ खुणांचा पत्ता

इतवारीच्या सराफा बाजारातील पेढीवाल्यांना संकेतस्थळे करून देण्याचा व्यवसाय पत्करल्यापासून, मराठी मथळ्यांचे दुवे मध्येच छाटले का जातात, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो; त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. ‘इतवारी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, परंतु युनिकोडच्या दप्तरी काना व वेलांटी यांचीही पृथक् नोंद होत असल्यामुळे तेथे तो सहा चिन्हांचा भरतो. १९९२ साली केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, आणि दुव्यात शिरताना दर बाइटला टक्क्याचे चिन्ह धरून तीन खुणा खर्ची पडत असल्याने सहाच्या ५४ होतात. संकेतस्थळे ज्यावर उभी राहतात त्या वर्डप्रेस प्रणालीच्या कोष्टकात मथळ्यावरून बनणाऱ्या दुव्याच्या मजकुरास २०० जागा मुक्रर आहेत. म्हणजे इंग्रजी मथळ्यास ऐसपैस वाडा, आणि मराठीस जेमतेम २२ चिन्हांची खोली. (हा पंक्तिप्रपंच बुद्धिपुरस्सर नव्हे, पण आहे खरा.) तेव्हा मथळा मराठीच ठेवून दुवा तेवढा रोमन लिपीत, आखूड असा, स्वहस्ते लिहावा, अशी माझी शिफारस असते, तिला पेढीवाले बहुधा नाखुशीनेच रुकार देतात.