परदेशांतील वैद्यकशिक्षण

आपल्या बारवी धरणापासून कल्याण कांहीं फार दूर नाहीं. तेथील, १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्यें आगबोटीनें अमेरिकेस गेल्या. त्यांचें तान्हें मूल दहा दिवसांतच दगावलें होतें. त्या दुःखांतून वैद्यक शिकण्याचा निश्चय उपजला. फिलाडेल्फियास १८८६ मध्यें त्यांनीं पदवी मिळविली. परंतु क्षयानें १८८७ च्या फेब्रुवारींत त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या इस्पितळांतील नेमणूक तशीच राहिली.

पदवी हा अर्धाच प्रवास होय. आज परदेशीं जाणाऱ्यानें प्रथम ‘नीट’ परीक्षेंत पात्र ठरलें पाहिजे. २०२१ च्या नियमांप्रमाणें अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच संस्थेंत १२ महिने रुग्णसेवेची उमेदवारी हवी. आणि त्या पदवीनें त्या देशांतही वैद्यकीचा अधिकार मिळाला पाहिजे. परतल्यावर येथील परवाना-परीक्षा व पुन्हां १२ महिन्यांची उमेदवारी आहेच. एक अट चुकली तर आईबापांनीं काढलेलें कर्ज व तुमचीं उमेदीचीं वर्षें वायां जातील. यास्तव दलालाच्या शब्दावर न विसंबतां नियम स्वतः वाचा, आणि प्रकृतीस जपा. शिकलेली विद्या रोग्याच्या उशाशीं पोहोंचेल तेव्हांच प्रवास पुरा झाला.