छपराखालचा फुटबॉल आणि रिकामे महिने

फुटबॉल म्हटलें कीं मुंबईकर श्रोत्याच्या डोळ्यांपुढें कूपरेजचें मैदान आणि पायानें टोलावला जाणारा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंत त्याच नांवाचा खेळ अगदीं निराळा आहे. तेथील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता. तो हातांत घेऊन धांवावयाचें किंवा सहकाऱ्याकडे फेंकावयाचा, आणि प्रतिपक्षानें चेंडू नेणारास झेपावून पाडावयाचें, अशी तेथील रीत. या खेळाची एक धाकटी शाखा बंदिस्त क्रीडागृहांत, छपराखालीं खेळली जाते. तिच्या लहान लहान लीगा, म्हणजे संघांचीं मंडळें, यांची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. विजेता उन्हाळ्यांत ठरतो. परंतु पुढील वर्षीं कोणता संघ जिवंत राहील, हें खेळ बंद असतांनाच ठरतें. असें कां व्हावें?

या शाखेचा उगम १९८१ सालचा. न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें छपराखालील सॉकरचा सामना पाहत असतां जिम फॉस्टर या गृहस्थांनीं एका पाकिटावर नव्या खेळाचा आराखडा काढला. १९८७ मध्यें चार संघांनिशीं ‘अरीना फुटबॉल लीग’ सुरू झाली. मैदान ५० यार्ड लांब, म्हणजे मोठ्या मैदानाच्या निम्मे. प्रत्येक बाजूस खेळाडू ११ ऐवजीं ८. कडेनें गाद्या लावलेल्या भिंती, आणि गोलखांबांच्या दोहों बाजूंस चेंडू परत उसळविणारीं जाळीं. या पद्धतीस १९९० मध्यें पेटंट मिळालें. पुढें इतरांनीं लीगा काढल्या, त्यांना या जाळ्यांवांचून खेळावें लागलें. त्या आपल्या खेळास ‘इनडोअर फुटबॉल’ म्हणूं लागल्या.

अशा संघास स्वतःचें घर बहुधा नसतें. क्रीडागृह भाड्याचें, आणि हिवाळ्यांत तें बर्फावरील हॉकी किंवा बास्केटबॉल यांनीं व्यापलेलें. म्हणून फुटबॉलचा हंगाम वसंतांत सुरू होऊन उन्हाळ्यांत आटोपतो. मधल्या महिन्यांत प्राप्ति थांबते. खर्चाची तरतूद मात्र तेव्हांच करावी लागते. गृहाचें भाडें, कृत्रिम हिरवळीचा गालिचा, दूरचे प्रवास आणि खेळाडूंच्या दुखापतींचा विमा, हे खर्च डोईजड असतात. मोठ्या लीगांना चित्रवाणीकडून मिळणारा भरघोस पैसा येथें नाहीं. तिकिटें आणि गांवांतले जाहिरातदार एवढाच काय तो आधार.

त्यांत एक चक्र पडलेलें असतें. वेळापत्रकावांचून गृहाच्या तारखा पक्क्या होत नाहींत. तारखांवांचून हंगामाचीं तिकिटें खपत नाहींत. पैसा दिसल्यावांचून मालक करारावर सही करीत नाहीं. आणि सह्यांवांचून वेळापत्रक आखतां येत नाहीं. शिवाय एका संघाचें दुखणें त्याच्यापुरतें राहत नाहीं. आठांपैकीं एक गळाला, तर उरलेल्या सातांच्या वेळापत्रकांत भोंक पडतें. राखून ठेवलेलें गृह ओस राहतें, किंवा घाईनें दुसरा प्रतिस्पर्धी शोधावा लागतो.

थोरल्या लीगेलाही हा नियम चुकला नाहीं. जुलै २००८ मध्यें फिलाडेल्फियाच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. ऑक्टोबरांत न्यू ऑर्लीन्सचा संघ बाहेर पडला, आणि डिसेंबरांत २००९ चा संपूर्ण हंगामच रद्द झाला. विजेत्यांना आपलें पद राखण्यास रंगणच उरलें नाहीं! लीगेनें दिवाळें काढलें. २०१० मध्यें ती पुन्हां उभी राहिली, आणि २०१९ च्या अखेरीस पुन्हां मिटली.

याउलट, वेळींच हातमिळवणी केलेल्यांना आयुष्य लाभलें. २००८ मध्यें दोन लहान लीगा एकत्र आल्या व ‘इनडोअर फुटबॉल लीग’ निर्माण झाली. २००९ पासून तिचे हंगाम चालूं आहेत. अनेक संघ तिच्या आश्रयास आले. आयोवा राज्यांतील ‘बार्नस्टॉर्मर्स’ १९९५ मध्यें थोरल्या लीगेंत होते. २००० नंतर मूळ संघ न्यूयॉर्ककडे गेला. २००८ मध्यें त्याच नांवाचा संघ एका धाकट्या लीगेंत उभा राहिला, २०१० मध्यें थोरल्या लीगेंत शिरला, आणि २०१५ मध्यें तो या नव्या मंडळांत आला. नांव एकच, घरें मात्र किती बदललीं!

रिकाम्या महिन्यांतील अपुरें काम हंगामावर ढकललें म्हणजे काय होतें, तें २०२४ मध्यें दिसलें. अरीना लीग पुनरुज्जीवित करून १६ संघांची घोषणा झाली. एप्रिलच्या अखेरीस सामने सुरू झाले, आणि कांहीं आठवड्यांतच संघामागून संघ गळूं लागले. आयुक्तही बदलावे लागले. उरलेल्यांनीं नेटानें हंगाम पुरा केला, बिलिंग्जचा संघ जिंकला. पण आंकडा मोठा आणि पाया कच्चा, हें सर्वांच्या लक्षांत आलें. पुढल्या वर्षीं कांहीं संघांनीं नव्या नांवाखालीं वेगळी लीग मांडली.

या अस्थिरतेचा खरा भार पडतो तो खेळाडूवर. त्याचें वेतन बहुधा सामन्यागणिक, करार अल्पमुदतीचा; म्हणून कित्येक जण दुसरी नोकरीही करतात. तरीही हे संघ टिकावेत असें त्यांस वाटतें, यास कारण आहे. कर्ट वॉर्नर हा तरुण १९९४ मध्यें मोठ्या लीगेंतील एका संघाकडून वगळला गेला, आणि आयोवांतील एका किराणा दुकानांत रात्रीं फळ्यांवर माल रचूं लागला. १९९५ ते १९९७ तो बार्नस्टॉर्मर्सकडून खेळला. जानेवारी २००० मध्यें त्यानें सेंट लुईसच्या संघास ‘सुपर बोल’ जिंकून दिला, आणि त्या सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. ते छपराखालचे तीन हंगाम नसते, तर त्याला कोणी पाहिलेंच नसतें.

म्हणून या लीगांची पारख संघांच्या आंकड्यावरून करूं नये. शहरें एकमेकांच्या जवळ आहेत काय, मालकांनीं पुरेशी अनामत ठेवली आहे काय, गृहांच्या तारखा वेळींच पक्क्या झाल्या आहेत काय, एवढें हिवाळ्यांत पाहावें. ही उत्तरें ठीक असलीं, तर वसंतांत गालिचा अंथरला जातो, आणि दारांत तिकिट घेऊन आलेला प्रेक्षक माघारी जात नाहीं.