फाटकावरचा दिल्लीचा मोती

वेलगुलाब म्हणतात खरं, पण तो काही दोडक्यासारखा वेल नाही. दोडक्याला तणावे फुटतात, ते काठीला गुंडाळतात आणि वेल आपला आपण वर चढतो. गुलाबाला तणावे नसतात. त्याच्या काठ्या लांबच लांब वाढतात आणि वाकडे काटे अडकवून तो दुसऱ्यावर रेलतो. म्हणून त्याला सुतळीने बांधावे लागते. काठी उभी बांधली तर शेंड्यालाच फुलं येतात. आडवी वाकवून बांधली की डोळ्याडोळ्यातून फूट निघते आणि काठीभर फुलं लागतात. खोटं वाटत असेल तर आपल्या शाळेच्या फाटकाची डावी बाजू बघा आणि मग उजवी बघा.

आपल्या फाटकावरच्या पांढऱ्या गुलाबाचे नाव दिल्ली व्हाईट पर्ल. म्हणजे दिल्लीचा पांढरा मोती. पूर्वीच्या गुरुजींनी तो कोल्हापुरातून आणला होता. ही जात डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी तयार केली. त्यांचा जन्म १९०६ साली पंजाबात झाला. ते गव्हाचे शास्त्रज्ञ होते. तांबेरा पडला की गव्हाचे पीक जाते, हे आपल्याला ठाऊक आहेच. तांबेऱ्याला दाद न देणारे गहू त्यांनी तयार केले. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. एवढे मोठे साहेब, पण हौस गुलाबाची! गुलाबावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १९६६ साली निघाले. १९८९ साली ते वारले.

नवीन गुलाब कसा करतात ते रोपवाटिकेतल्या काकांनी आम्हाला सांगितले. उमलायला आलेली कळी घ्यायची. तिच्या पाकळ्या काढायच्या. आतले पिवळ्या पुडीचे केसर चिमट्याने उपटायचे, म्हणजे तिची स्वतःची पूड तिच्यावर पडत नाही. मग कागदाची पिशवी घालायची, नाहीतर मधमाशी घोटाळा करते. एक-दोन दिवसांनी दुसऱ्या जातीच्या गुलाबाची पूड मधल्या भागावर लावायची आणि परत पिशवी बांधायची. चिठ्ठीवर आईबापाची नावं लिहायची. मग बोराएवढे फळ धरते. ते पिकायला चार महिने तरी लागतात. गव्हाची रीतही अशीच असते, फक्त फूल बारीक.

त्या फळातल्या बिया लावल्या की प्रत्येक रोप वेगळे निघते. आमच्या घरी आम्ही सहा चुलत भावंडं आहोत, एकाचे नाक आजीसारखे तर एकाचे कुणासारखेच नाही. तसेच हे. शेकडो रोपांतून एखादे चांगले निघते, बाकीची टाकून देतात. मला त्या टाकलेल्या रोपांचे वाईट वाटते.

कधी कधी काहीच न करता गुलाब बदलतो. अमेरिकेत डॉ. व्हॅन फ्लीट नावाच्या माणसाने केलेला एक वेलगुलाब १९१० साली विकायला आला. तो वर्षातून एकदाच फुलायचा. पुढे एका रोपवाटिकेत त्याच जातीचे एक झाड पुन्हा पुन्हा फुलू लागले! त्याचे नाव ठेवले न्यू डॉन, म्हणजे नवी पहाट. १९३१ साली अमेरिकेत झाडाचे पहिले पेटंट या गुलाबाला मिळाले. आता तो जगभर लावतात.

आता कामाचे सांगतो. उन्हाळ्यात शाळेला नवीन कंपाऊंड होणार आहे. फाटक हलणार आणि गुलाब तोडावा लागणार. म्हातारे झाड उपटून लावले तर जगेलच असे नाही, असे काका म्हणाले. मी म्हटले, मग बी लावू. तर ते हसून म्हणाले, "आरं, बी लावलीस तर दुसरंच काहीतरी उगवंल. हाच पायजे तर डोळा भराय पायजे."

म्हणून आम्ही पावसाळ्यात जंगली गुलाबाचे सहा खुंट लावले होते. या थंडीत काकांनी खुंटाच्या सालीला उभी-आडवी चीर पाडली, आपल्या गुलाबाचा डोळा सालीसकट काढून आत बसवला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधला. तीन आठवड्यांनी पाहिले तर चार डोळे हिरवे होते, दोन काळे पडले. डॉ. पाल यांच्या बागेत जे पहिले झाड उगवले, त्याचाच तुकडा डोळ्याडोळ्याने कोल्हापूरला आला आणि आता या चार खुंटांवर आहे. दुसरे झाड नव्हे, तेच!

डोळ्याच्या खालून जी फूट येते ती जंगली असते. ती लगेच मोडायची, नाहीतर तीच सगळे खाऊन टाकते आणि मोती मरतो. पाणी दिवसाआड, एक तांब्या. आम्ही चौथीची मुलं मे महिन्यानंतर या शाळेत नसू. तिसरीच्या ज्या मुलांची घरं शाळेजवळ आहेत त्यांनी सुट्टीत पाणी घालायला आपले नाव बाईंकडे द्यावे. चार जण पाहिजेत, एकाला एक खुंट.

– इयत्ता चौथी