वडाची फांदी तोडू नका, गुटी बांधा



वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात. जिच्या घराजवळ वड नाही ती फांदी विकत नेते, पूजा करते आणि दोन दिवसांत ती फांदी कचऱ्यात जाते. याच फांदीला झाडावर असतानाच मुळं आणली, तर तिचं कुंडीतलं जिवंत झाड होतं. ते पुढच्या वटपौर्णिमेला विकता येतं. नीट छाटत, वळण देत सांभाळलं तर काही वर्षांनी त्याचं बोन्साय होतं. या पद्धतीला गुटी कलम म्हणतात. डाळिंबाची रोपं अशीच करतात, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणींनी गुटी पाहिली असेल.

गुटीच का?

बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत वाढवलेलं छोटं, पण जुनं दिसणारं झाड. त्यात जाड खोड आणि चहूबाजूंनी पसरलेली मुळं बघतात. बियाण्याच्या रोपाचं खोड जाड व्हायला कितीतरी वर्षं लागतात. गुटीत अंगठ्याएवढी फांदी पहिल्याच दिवशी खोड म्हणून मिळते. वडाचा फाटा तोडून लावला तरी लागतो, पण मुळं येईपर्यंत त्याला पाणी ओढता येत नाही, म्हणून काही फाटे सुकतात. गुटीतल्या फांदीला मुळं येईपर्यंत आईझाड पाणी देत राहतं.

मुळं कशी फुटतात?

पाणी मुळांकडून वर जातं ते आतल्या लाकडातून. पानांनी तयार केलेलं अन्न खाली येतं ते सालीतून. आपण सालीचं कडं काढलं की पाणी वर जात राहतं, पानं हिरवी राहतात. पण खाली येणारं अन्न कापाच्या वरच्या कडेला अडतं. तिथे ओलावा आणि अंधार मिळाला की मुळं फुटतात. वडाला तर पारंब्यांची सवयच आहे!

गुटी बांधायची कशी?

१. चांगला पाऊस सुरू झाला की जून-जुलैमध्ये बांधा. निरोगी, अंगठ्याएवढी जाड, छान वळणाची फांदी निवडा.

२. धारदार, स्वच्छ चाकूने फांदीभोवती दोन गोल काप घ्या आणि मधली साल काढा. कडं फांदीच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट रुंद हवं. लाकडात खोल कापू नका, फांदी वाळते.

३. साल काढल्यावर लाकडावर बुळबुळीत थर राहतो, तो चाकूने खरवडा. ही पायरी टाळू नका. थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत.

४. चीक ओल्या फडक्याने पुसा. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका.

५. मुळं फुटायची पावडर मिळाली तर वरच्या कडेला लावा.

६. नर्सरीत मिळणारं मॉस, म्हणजे वाळलेलं शेवाळ, भिजवून घट्ट पिळा. मूठभर मॉस वरची कड पूर्ण झाकेल असं गुंडाळा.

७. वरून पारदर्शक प्लास्टिक लपेटून दोन्ही टोकं सुतळीने घट्ट बांधा. पावसाचं पाणी आत गेलं तर मॉस सडतं.

साधारण दीड ते दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. नुसती दोन-चार पांढरी मुळं दिसली म्हणून घाई करू नका. मुळं भरपूर झाली, तपकिरी पडायला लागली की गुटीच्या खालून अर्धा काप द्या आणि आठ-दहा दिवसांनी पूर्ण कापा. प्लास्टिक काढा, पण मॉसचा गोळा मोडू नका. माती, शेणखत आणि वाळू सम प्रमाणात भरलेल्या पिशवीत लावा, निम्मी पानं कमी करा आणि तीन-चार आठवडे सावलीत ठेवा. नंतर हळूहळू उन्हात आणा.

विकताना काय सांगायचं?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो: "याला बोन्साय म्हणून जास्त भाव लावायचा का?" नाही. वर्षभराचं गुटीचं झाड हे बोन्सायसाठी तयार केलेलं रोप आहे, तेवढंच सांगा. त्याला ऊन लागतं, कुंडी वाळू देऊ नका, दिवाणखान्यात कोंडू नका, हेही सांगा. घरी नेलेलं झाड वाळलं तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आपल्याकडे येणार नाही.

आणि झाड कोणाचं ते आधी बघा. स्वतःच्या बांधावरचा वड असेल तर उत्तम. रस्त्याकडेचा किंवा पाराचा असेल तर ग्रामपंचायतीला विचारूनच हात लावा. एका झाडावर मोजक्याच गुट्या बांधा.

पहिल्या वर्षी गटाने दहाच गुट्या बांधून बघाव्यात. फार भांडवल लागत नाही. वहीत बांधल्याची तारीख, फांदीची जाडी, मुळं कधी दिसली आणि किती जगल्या हे लिहा. दिवाळीनंतरच्या बैठकीत ती वही सोबत आणा. किती जगल्या ते बघून पुढच्या वर्षी किती बांधायच्या आणि भाव काय ठेवायचा, ते सगळ्या मिळून ठरवू.