वैद्यकीय इच्छापत्र

१९७३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग या तरुण परिचारिकेवर प्राणघातक हल्ला झाला. गळा आवळला गेल्यामुळे मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला आणि त्या आघातातून त्या पुन्हा सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची अविरत शुश्रूषा केली. त्यांना दिले जाणारे अन्न थांबवावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला व २०११ साली न्यायालयाने ती फेटाळली. दोन्ही बाजू त्यांच्या हिताचेच बोलत होत्या; परंतु स्वतः अरुणा शानभाग यांना काय हवे होते, हे मात्र त्या सांगू शकत नव्हत्या.

वैद्यकीय इच्छापत्राचे प्रयोजन नेमके येथेच आहे. बोलण्याची शक्ती आहे तोवर आपली इच्छा लिहून ठेवणे, हा त्याचा सरळ अर्थ होय.

कृत्रिम श्वसनयंत्र दाबाच्या साहाय्याने फुप्फुसांत हवा भरते. नाकातील नळी जठरात अन्न पोचविते. डायलिसिसचे यंत्र मूत्रपिंडाऐवजी रक्त शुद्ध करते. ही साधने स्वतः रोग बरा करीत नाहीत. ती शरीराला अवधी मिळवून देतात. न्यूमोनिया किंवा सर्पदंश झालेल्या रुग्णाला या अवधीत जीवदान मिळू शकते. परंतु जेथे रोग मुळीच हटणारा नसतो, तेथे त्याच साधनांनी केवळ मरणाची वाट लांबते. अशा वेळी अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांना वडिलांच्या वतीने निर्णय घ्यावा लागतो. एकाला उपचार थांबविणे कृतघ्नपणाचे वाटते, तर दुसऱ्याला ते चालू ठेवणे निर्दयपणाचे वाटते. आणि ही बोच पुढे कित्येक वर्षे घरात राहते.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कातच समाविष्ट आहे, असे मानून अशा इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ करण्यात आली. कोणीही सज्ञान व सुबुद्ध व्यक्ती स्वेच्छेने ते करू शकते. दोन साक्षीदारांसमक्ष त्यावर सही करावी व नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावे. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे त्यात स्पष्ट लिहावे आणि आपल्या वतीने संमती देणाऱ्या विश्वासू आप्तांची नावे नमूद करावीत. त्याची एक प्रत घरच्या डॉक्टरांजवळ असावी. विचार बदलल्यास ते केव्हाही लेखी रद्द करता येते.

इच्छापत्र आहे म्हणून कोणी घाईने नळी काढीत नाही. रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असेल, तर त्याचाच शब्द अंतिम असतो. तो असमर्थ असून बरा होण्याची आशा उरली नसेल, तरच इच्छापत्राचा विचार होतो. प्रथम रुग्णालयाचे तीन डॉक्टरांचे मंडळ रुग्णाची तपासणी करते. त्यानंतर दुसरे मंडळ त्या मताची शहानिशा करते. त्यातील एका डॉक्टरची नेमणूक जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी करतात. नामनिर्देशित आप्तांची संमती घेतली जाते व दंडाधिकाऱ्यांना कळविले जाते.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. औषध टोचून मृत्यू आणणे आपल्या देशात बेकायदेशीरच आहे. तसेच यंत्र थांबविणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. वेदना शमविणे, धाप कमी करणे, अंग स्वच्छ ठेवणे, जवळ बसणे, ही सेवा अखेरपर्यंत चालूच राहते.

मात्र कपाटात कुलूपबंद राहिलेल्या इच्छापत्राचा उपयोग नाही. म्हणून कागदाआधी संभाषण व्हावे. प्रकृती ठीक असताना, एखाद्या निवांत संध्याकाळी, वडीलधाऱ्यांनी हा विषय स्वतः काढावा आणि मुलांनी तो अशुभ म्हणून टाळू नये. त्या संध्याकाळी ऐकलेला शब्द पुढे कठीण प्रसंगी त्यांना आधार देईल.