ओझे वाहणाऱ्यांचा पांडुरंग

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा दाटला असेल, आणि ज्यांना पंढरीला जाणे साधले नाही अशी असंख्य मने आपापल्या गावीच त्या सावळ्या मूर्तीपुढे नतमस्तक झाली असतील. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर वसलेल्या कोपरखैरण्यातही आज टाळमृदंगाचा घोष चालेल, कपाळी बुक्का लागेल आणि उपवासाच्या ताटात साबुदाणा व वरीचे तांदूळ येतील. येथले बहुसंख्य भाविक आयुष्यभर ओझे वाहत आलेले आहेत. देवावरचा विश्वास म्हणजे नेमके काय, हे त्यांच्याइतके कोणी जाणत असेल असे वाटत नाही.

कोपरखैरण्यात दोन प्रकारची माणसे शेजारी शेजारी नांदतात. एक आहेत मूळचे गावकरी, म्हणजे आगरी आणि कोळी समाजाची मंडळी. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर त्यांच्या पिढ्या जगल्या. कार्ल्याची एकवीरा ही त्यांची कुलस्वामिनी. दुसरे आहेत घाटावरून आलेले माथाडी कामगार. सातारा, पुणे या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावे सोडून हे लोक मुंबईच्या मशीद बंदर भागातील घाऊक बाजारात आले. माथ्यावर भार वाहणारा तो माथाडी. शंभर किलोंचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढउतार करणे हा त्यांचा नित्याचा व्यवसाय होता. गावकीच्या एका खोलीत अनेकांच्या वळकट्या, खाणावळीचे जेवण आणि महिन्याकाठी गावी पाठवायची मनीऑर्डर, असा तो संसार. पुढे १९७७ साली स्थापन झालेल्या मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या बाजारपेठा टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशी परिसरात आल्या. त्यांच्यामागोमाग माथाडीही खाडी ओलांडून आला आणि कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ येथे त्याची घरे उभी राहिली. घर बदलले, तरी त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ मात्र त्याच्याबरोबरच आली.

या माणसाचे देवाशी नाते कोणत्या प्रकारचे? आपल्यापैकी पुष्कळांची श्रद्धा म्हणजे देवाशी केलेला एक करार असतो. मी इतके उपवास करीन, तू एवढे संकट टाळ. माझे काम होऊ दे, मी तुला अमुक वाहीन. संकट टळले की देव पावला आणि न टळले की देव कोपला, असा हा सरळ हिशेब. परंतु ज्याच्या वाट्याला पहाटे उठल्यापासून दुसऱ्याच्या मालाचे ओझेच आले आहे, त्याला हा हिशेब फार काळ पुरत नाही. आजचे पोते उतरले तरी उद्याचे वखारीत वाट पाहत असते. म्हणून वारकऱ्याची मागणी निराळी असते. ओझे काढून घे असे म्हणण्याऐवजी, ते वाहताना तू जवळ असू दे, एवढेच तो मागतो. पंढरीचा देवही तसाच आहे. त्याच्या हाती उगारलेले शस्त्र नाही. कमरेवर हात ठेवून तो विटेवर उभा आहे. भक्ताला टाकून तो कोठे जात नाही, हेच त्याचे मोठे आश्वासन होय.

या आश्वासनाची कसोटी संतांच्या चरित्रांत लागली आहे. तुकोबांचेच पाहा. देहूच्या या वाण्याच्या घरी व्यापार होता, महाजनकी होती. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. घरातली गुरेढोरे गेली, दुकान बसले, प्रथम पत्नी रखमाबाई अन्नान्न करीत गेली आणि लहानगा संतूही गेला. पिढीजात विठ्ठलभक्ती असलेल्या घराची ही गत झाली. करार मानणारा कोणीही येथे देवाशी संबंध तोडून मोकळा झाला असता. तुकोबांनी काय केले? परंपरा सांगते की, त्यांनी पूर्वजांनी बांधलेल्या मोडकळीस आलेल्या विठ्ठलमंदिराची डागडुजी केली. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद धाकट्या भावाबरोबर वाटून घेतले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडून दिले. स्वतः बुडालेल्या माणसाने आपल्या ऋणकोंना तारले. आपले दुःख देवाच्या पायी ठेवल्यावर दुसऱ्याच्या मानेवरचे जू उतरविण्याची बुद्धी व्हावी, ही खऱ्या विश्वासाची पहिली खूण आहे.

दुसरी कथा सातारकरांना अधिक जवळची वाटावी. आज ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्या शिस्तीने आळंदीहून पंढरीस जाते, ती शिस्त घालून दिली हैबतबाबा आरफळकर यांनी. बाबा सातारा जिल्ह्यातील आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी त्यांनी नावलौकिक आणि धन मिळविले. गावाकडे परतताना सातपुड्याच्या रानात लुटारूंनी त्यांना लुटून कोंडून ठेवले, असे सांगतात. त्या कोंडवाड्यात त्यांनी अखंड हरिपाठ चालविला. अखेर सुटका झाली, तेव्हा उरलेले आयुष्य माउलींच्या चरणी वाहण्याचा निश्चय करून ते आळंदीस आले. गेलेल्या धनाचा शोध त्यांनी केला नाही. एकट्याने कोंडवाड्यात म्हटलेला हरिपाठ लक्षावधींना एकत्र म्हणता यावा, अशी व्यवस्था त्यांनी उभारली. आळंदीच्या महाद्वारातील पायरी आजही हैबतबाबांची म्हणून पूजिली जाते.

पण वाचकहो, प्रत्येक कथेचा शेवट सुटकेने होत नाही, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मंगळवेढ्याचे चोखोबा आठवा. अस्पृश्य मानल्या गेलेल्या या संताला ज्या विठ्ठलाचा ध्यास होता, त्याच्या मंदिराची पायरी चढण्याची मुभा नव्हती. गावकुसाच्या भिंतीचे काम चालले असता, १३३८ साली, ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांसह चोखोबाही गाडले गेले. दगडमातीचे ओझे वाहता वाहता गेलेला हा संत माथाड्यांचा पूर्वजच म्हणावा. देवाने ती भिंत का धरली नाही? या प्रश्नाला कोणत्याही कीर्तनकारापाशी समाधानकारक उत्तर नाही, आणि ज्याच्या घरातला कर्ता माणूस गोदामात मालाखाली सापडून गेला आहे, त्याच्यापुढे असे उत्तर तयार ठेवणे हा श्रद्धेचा उद्धटपणाच ठरेल. मात्र त्यानंतर काय घडले, हे परंपरेने जपले आहे. नामदेव मंगळवेढ्यास गेले, चोखोबांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. आणि कित्येक शतकांनंतर, १ मे १९४७ पासून साने गुरुजींनी त्याच पंढरीत उपोषण आरंभिले. दहा दिवसांच्या त्या उपवासाने मंदिराची दारे हरिजनांना खुली होण्याचा मार्ग मोकळा केला. चोखोबांची हाक देवाने ऐकली असे म्हणावयाचे, तर ती माणसांच्या हातांनी ऐकली, असेच म्हणावे लागेल.

श्रद्धेने माणूस दुबळा होतो, अन्याय मुकाट्याने सोसू लागतो, असा आक्षेप विचारवंत घेत आले आहेत. तो सर्वस्वी खोटा नाही. ‘देवाची इच्छा’ म्हणून हातपाय गाळून बसणारे आपल्या अवतीभवती थोडे नाहीत. परंतु कोपरखैरण्याचा इतिहास या आक्षेपाला वेगळेच उत्तर देतो. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच माळकरी हमालांनी संघटना बांधली, संप केले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. ज्यांच्या नावाची नोंदही कोणा व्यापाऱ्याच्या वहीत नसे, त्यांना मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि वैद्यकीय सोय लाभली. गावठाणातील आगरी-कोळ्यांचेही तसेच. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. पिढ्यानुपिढ्यांची खाचरे गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण वेचले, तेव्हा कोठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले. एकवीरेच्या पायऱ्या चढणाऱ्या आणि पंढरीची वाट चालणाऱ्या या लोकांना त्यांच्या देवाने गुडघे टेकावयास शिकविले ते आपल्यापुढे, अन्यायापुढे नव्हे.

अलीकडचाच एक दाखला सर्वांच्या स्मरणात असेल. २०२० साली करोनाच्या महामारीने पायी वारीवर बंदी आली. संतांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून पंढरीस न्याव्या लागल्या. पिढ्यांचा नेम चुकला म्हणून अनेक वृद्ध वारकऱ्यांचे डोळे पाणावले. २०२१ सालीही तोच प्रसंग आला. त्या दिवसांत मुंबईला धान्य आणि भाजी पोचविण्यासाठी बाजार समितीतले माथाडी पोती उचलीतच होते. रोगाची भीती त्यांनाही होती आणि घरी लेकरेही होती. ज्यांची पावले त्या वर्षी पंढरीला लागली नाहीत, त्यांच्या पाठीने लक्षावधी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. अशा सेवेला वारी म्हणू नये, असे कोणता वारकरी म्हणेल? २०२२ साली पायी सोहळा पुन्हा सुरू झाला, तेव्हा चालणाऱ्यांबरोबर त्या दोन वर्षांत अंतरलेल्यांच्या आठवणीही चालत होत्या.

वारीत आणखी एक गोष्ट शिकावयास मिळते. आळंदीहून पंढरीपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट एकट्याने चालावी लागली, तर भल्याभल्यांचा धीर सुटेल. दिंडीत मात्र एकाचा पाय अडखळला की दुसरा हात देतो, एकाची शिदोरी संपली की दुसऱ्याची सुटते, आणि घसा बसला तर ध्रुपद शेजारी उचलतो. देव भेटतो तो पंढरीत. परंतु तेथवर पोचण्याचे बळ तो या सोबत्यांच्या रूपाने वाटेवरच देत असतो. म्हणूनच वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणून हाक मारतात आणि लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतात.

आज ज्यांच्या घरी आजारपण आहे, ज्यांची नोकरी सुटली आहे, ज्यांचे माणूस नुकतेच गेले आहे, अशा अनेकांच्या घरीही हा सण येईल. त्यांना ‘सारे ठीक होईल’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्या दारी जाऊन दोन घटका बसण्याचा, औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानापर्यंत जाण्याचा, त्यांच्या मुलाच्या शाळेची फी भरण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला आहे. ज्याच्या डोक्यावर भार आहे, त्याला भार उतरवितानाही एका हाताची गरज लागते, हे माथाड्यांच्या वस्तीत कोणाला सांगावे लागत नाही. विठ्ठलाचे दोन्ही हात कमरेवर आहेत. त्याचे काम करावयाचे ते आपल्या हातांनी, हाच या एकादशीचा संकल्प असावा.