कंपायलर अद्ययावतीकरण आणि बिल्डचा कालावधी
कंपायलरचे पॅकेज अद्ययावत केल्यावर तोच सोर्स कोड बिल्ड होण्यास अनेकदा अधिक वेळ लागतो. सी-कॅश हे साधन संकलनाचे निकाल साठवते; कंपायलरच्या फाइलीचा आकार वा बदलाची वेळ निराळी दिसताच जुने निकाल निरुपयोगी ठरतात आणि पहिले बिल्ड रेंगाळते. ही मंदी तात्पुरती असल्याने तुलनेत धरू नये.

टिकणाऱ्या मंदीचे कारण बहुधा वेगळे असते. २०२१ मध्ये प्रकाशित झालेल्या जीसीसी ११ ने सी++ चे पूर्वनिर्धारित मानक सी++१४ ऐवजी सी++१७ केले. या मानकात ‘अल्गोरिदम’ हेडरसोबत समांतर अल्गोरिदमांची घोषणाही येते. प्रोग्रामने ती वापरली नाही, तरी कंपायलरला ती वाचावीच लागते. जुने मानक स्पष्टपणे नमूद करून पुन्हा वेळ मोजल्यास दोष मानकाचा की खुद्द कंपायलरचा, हे उमगते.